नीरेपासून कृष्णेपर्यंत

खंडाळा हे नाव ऐकताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बोरघाटाच्या माथ्यावरील थंड हवेचे ठिकाण उभे राहते. पावसाळी ढग, रेल्वेचे बोगदे, दरीच्या कडेचे बंगले, असे ते चित्र असते. परंतु महाराष्ट्रात खंडाळा नावाचे आणखी एक गाव आहे. ते सातारा जिल्ह्यात, पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. एका तालुक्याचे ते मुख्य ठिकाण आहे. तरी तेथे मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच. गाड्या येतात, घाटाची चढण दिसताच वेग बदलतात आणि निघून जातात. आतील मंडळींना महाबळेश्वरी पोहोचण्याची घाई असते. आपण कोणत्या मुलखातून चाललो आहोत, याची त्यांतील फार थोड्यांना कल्पना असते.

प्राचीन इतिहास आणि सृष्टिसौंदर्य ही दोन्ही ज्या देशात विपुल आहेत, तो देश एकदा तरी पाहावा, असे जगभरचे लोक मानत आले आहेत. हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इजिप्तला गेला. पिरॅमिड तेव्हाही फार पुरातन होते. इ. स. च्या सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू वाळवंटे तुडवीत आणि हिमाच्छादित पर्वत ओलांडीत भारतात आला व हिंडत हिंडत महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. येथील लोक मानी आहेत, ते उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. हजारो कोसांवरून एक मनुष्य जो देश पाहावयास आला, तो खंडाळ्याच्या मुलांच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतो.

'देश' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. भारत हा आपला देश, हा एक अर्थ. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी मुलूख म्हणजे देश, हा दुसरा. कोकणातील माणूस घाट चढून वर आला की 'देशावर आलो' असे म्हणतो. नीरा आणि कृष्णा या दोन नद्यांमधील प्रदेश हा या दुसऱ्या अर्थाने देश होय. महाराष्ट्राच्या नकाशावर अंगठा टेकला तर तो झाकून जाईल, इतका तो लहान आहे. पण सुमारे दोन हजार वर्षांच्या खुणा त्यात सापडतात.

येथे कोणी विचारील, की इतिहास तर पुस्तकात लिहिलेलाच आहे. मग पाय कशाला झिजवावयाचे? प्रश्न रास्त आहे. पुस्तक घटना केव्हा व कोठे घडली हे सांगते. परंतु ती तेथेच का घडली, हे बहुधा तेथील जमीनच सांगते. आणि तिचे सांगणे ऐकावयाचे तर तिच्यावर उभे राहावे लागते.

पुण्याकडून येणारा प्रवासी नीरा नदी ओलांडतो आणि सातारा जिल्ह्यात शिरतो. नदीच्या दक्षिण तीरावर पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. आज तेथे कारखाने आहेत, वाहनांची वर्दळ आहे. येथेच नीरेच्या काठी सुभानमंगळ नावाचा एक भुईकोट किल्ला होता. इ. स. १६४८ मध्ये विजापूरच्या आदिलशहाने शिवाजी महाराजांवर फत्तेखान नावाचा सरदार धाडला. त्याच्या फौजेतील एका तुकडीने हा किल्ला घेतला. महाराजांच्या माणसांनी नदी उतरून त्यावर हल्ला चढविला आणि तो परत जिंकला. त्यानंतर पुरंदरच्या पायथ्याशी खुद्द फत्तेखानाचाही पराभव झाला. स्वराज्यातील पहिल्या लढायांत या लढाईची गणना होते. महाराजांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते.

एवढ्या मोठ्या लढाईसाठी हेच गाव का निवडले गेले असावे, असा प्रश्न पुस्तक वाचताना पडतो. नदीकाठी उभे राहिल्यावर तो पडत नाही. विजापूरच्या बाजूने पुण्याकडे सरकणाऱ्या सैन्याला नीरा उतरावीच लागे आणि उतारावर ज्याचा किल्ला, त्याच्या हाती वाट. सुभानमंगळाचा किल्ला म्हणून ओळखावे असे मात्र आज तेथे फारसे काही उरलेले नाही. पुराच्या पाण्याने आणि माणसांच्या उदासीनतेने आपापले काम केले आहे. ज्याला कोणी पाहावयास येत नाही, त्या वास्तूचे दगड किती दिवस जागेवर राहणार?

शिरवळच्या नैऋत्येस, मांढरदेवाच्या डोंगराच्या एका सोंडेत, याहूनही जुने काही आहे. तेथे कातळात खोदलेली बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रे किंवा वेरूळसारखी शिल्पे तेथे नाहीत. साध्या खोल्या, निजावयाचे दगडी ओटे आणि एक साधा स्तूप, इतकेच. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरू नये, एका ठिकाणी राहून अध्ययन करावे, असा बौद्ध संघाचा नियम होता. त्या दिवसांत अशा लेण्यांतून त्यांचा मुक्काम असे. लेण्याच्या तोंडाशी बसून बाहेर कोसळणारा पाऊस पाहिला, तर दोन हजार वर्षांपूर्वी तेथे बसलेल्या माणसाने जे पाहिले, तेच जवळजवळ तसेच दिसते. भव्य लेण्यांतून हा अनुभव क्वचितच येतो. तेथे मान वर करून कलाकुसर पाहण्यातच वेळ जातो.

शिरवळपासून जवळच नायगाव आहे. गाव लहान आणि शेतकऱ्यांचे. येथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. फुल्यांचे मूळ गावही याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातील कटगुण. नायगाव सोडताना सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. मुलींनी लिहावयास शिकू नये, अशीच त्या काळची समजूत होती. पुण्यास गेल्यावर जोतीरावांनी त्यांना शिकविले आणि १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात त्या दोघांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकीत. म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडे ठेवीत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून शिकवावयास उभ्या राहत.

नायगावात त्यांच्या जन्मघराचे जतन करण्यात आले आहे. दर वर्षी ३ जानेवारीला तेथे दूरदूरच्या स्त्रिया आणि शाळकरी मुली मोठ्या संख्येने येतात. एरवी गाव शांत असते. या घराच्या ओट्यावर उभ्या राहिलेल्या मुलीला एक गोष्ट कळते, ती चरित्र वाचून तितकीशी कळत नाही. येथून पुणे फार दूर नाही. सुमारे पन्नास किलोमीटर. बैलगाडीला ते अंतर फार तर दोन दिवसांचे. परंतु या ओट्यापासून भिड्यांच्या वाड्यातील फळ्यापर्यंतचे अंतर तोपर्यंत या भागातील कोणत्याच मुलीने कापलेले नव्हते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्या रोगाने गाठले आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला. किल्ले आणि मंदिरे पाहावयास निघालेला प्रवासी नायगावचे साधे घर पुष्कळदा वगळतो. ते वगळणे म्हणजे या मुलखाचा अर्धा इतिहास वगळणे आहे.

नायगावहून प्रवासी पुन्हा हमरस्त्याला लागतो, खंडाळा मागे टाकतो आणि घाट चढू लागतो. खंबाटकीचा घाट उंचीने फार मोठा नाही. सह्याद्रीतील इतर घाटांपुढे तो धाकटा भाऊच म्हणावा. परंतु वळणावळणांवर कातळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात, तेथे क्षणभर थांबावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे कितीतरी वेळा झाले. त्या थरांपासून दख्खनचे पठार बनले. लेणी कोरणाऱ्यांना जो टणक, एकसंध दगड मिळाला, किल्ल्यांना जे उभे कडे मिळाले आणि शेतांना जी काळी माती मिळाली, ती सारी या लाव्ह्याचीच देणगी. या घाटातील दगडापुढे पिरॅमिडसुद्धा कालपरवाचे ठरतात.

घाटमाथ्यावर आणखी एक मौज आहे. तेथे पडणाऱ्या पावसाचे दोन थेंब घ्यावेत. एक उत्तरेच्या उतारावर पडला, तर तो ओढ्याने नीरेला जाऊन मिळतो. नीरा नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूर, सोलापूर ओलांडून कर्नाटकाकडे जाते. दुसरा थेंब हातभर अंतरावर, परंतु दक्षिणेच्या उतारावर पडला, तर तो थेट कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो आणि वाईखालून साताऱ्याच्या बाजूने कऱ्हाड, सांगलीकडे वाहू लागतो. दोघांची ताटातूट झालेली असते. पण पुढे रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते आणि शेकडो किलोमीटरांच्या प्रवासानंतर हे दोन थेंब पुन्हा एका पात्रात येतात. भूगोलाच्या पुस्तकात याला 'जलविभाजक' असा एक शब्द असतो. घाटमाथ्यावर उभे राहून एकदा उत्तरेकडे आणि एकदा दक्षिणेकडे पाहिले, की त्या शब्दाचे पाठांतर करावे लागत नाही.

घाट उतरल्यावर सुरूरपासून उजवीकडे रस्ता फुटतो तो वाईला जातो. वाई म्हणजे चारी बाजूंनी किल्ल्यांनी वेढलेले गाव. पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड अशी एकामागून एक नावे घ्यावीत. यांतील पांडवगड व वैराटगड पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाने बाराव्या शतकाच्या सुमारास बांधविले, असे मानतात. इतके किल्ले एका खोऱ्याभोवती का, हेही येथे आल्यावर समजते. खोरे सुपीक आहे, पाणी बारमाही आहे आणि कोकणात उतरणाऱ्या वाटा येथूनच जातात. अशा जागेवर प्रत्येक राजवटीचा डोळा असावयाचाच. विजापूरच्या राजवटीत अफझलखान या प्रांताचा सुभेदार होता. १६५९ मध्ये महाराजांवर चालून आला, तेव्हा त्याने तळ दिला तो वाईलाच. तेथून तो डोंगर चढून जावळीच्या खोऱ्यात गेला आणि १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, ते प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. वाईची मोकळी, सपाट जमीन आणि जावळीचे निबिड रान ही दोन्ही एका दिवसात पाहिली, म्हणजे महाराजांनी भेटीसाठी प्रतापगडच का निवडला, याचे उत्तर गुरुजींना विचारावे लागत नाही.

वाईजवळ लोहारे गावाच्या बाजूस डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांतील स्तूप पुढील काळात पालपेश्वर या नावाने महादेव म्हणून पुजला जाऊ लागला. राजवटी बदलल्या, धर्म बदलले, पण जागेचे पावित्र्य लोकांनी मोडले नाही. फक्त नाव नवे दिले. प्राचीन देशांत असे पुष्कळदा घडलेले असते.

गावात कृष्णेच्या काठी दगडी घाटांची रांग आहे. प्रत्येक घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असे सांगतात. घाटांवरील मंदिरांत सर्वांत प्रसिद्ध आहे ते ढोल्या गणपतीचे. पेशव्यांचे सरदार रास्ते यांच्या घराण्यातील गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधविले. मूर्ती एका अखंड दगडाची आणि इतकी भव्य आहे, की 'ढोल्या' हे प्रेमाचे नाव तिला शोभून दिसते. भाविक दर्शन घेऊन परततात. परंतु चौकस प्रवाशाने मंदिराला वळसा घालून मागची भिंत अवश्य पाहावी. ती इतर मंदिरांसारखी सपाट नाही. माशासारखी निमुळती होत जाऊन तिला टोक आले आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो, तेव्हा पाण्याचा लोंढा या टोकावर आदळून दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. सपाट भिंतीला जो धक्का सोसावा लागला असता, तो हिला सोसावा लागत नाही. नदीवरील पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने टोक ठेवतात, ते याच कारणासाठी. अडीचशेहून अधिक वर्षे कितीतरी पूर आले आणि ओसरले. मंदिर उभे आहे. त्या गवंड्यांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत.

वाईचे आणखी एक वैभव दगडात नाही, कागदात आहे. मराठी विश्वकोश या गावात तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे वीस खंडांत हे काम विस्तारले. ताऱ्यांपासून कीटकांपर्यंत जगातील साऱ्या विषयांची माहिती मराठीत आणण्याचे कार्य मुंबई-पुण्यात न होता कृष्णाकाठच्या या लहान गावात झाले. लक्ष्मणशास्त्री येथील प्राज्ञपाठशाळेत शिकले होते. गावाला विद्येची जुनी सवय होती.

वाईहून थोड्याच अंतरावर मेणवली आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा तेथे कृष्णेच्या काठी उभा आहे. वाड्यामागे नदीत उतरणारा सुरेख दगडी घाट आहे आणि घाटावरच्या देवळाजवळ एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. हिंदू देवळापाशी ही घंटा कशी आली? पोर्तुगिजांच्या ताब्यातील वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकली. तेथील चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनी आपापल्या मुलखात नेल्या. त्यांतील एक पुढे मेणवलीस आली. एका मोठ्या युद्धाची ही साक्ष आज नदीकाठी मुकाट्याने लोंबते आहे. तिच्याखाली उभ्या राहिलेल्या मुलाला युरोप आणि कृष्णाकाठ यांमधील समुद्र फारसा रुंद वाटत नाही.

वाईपासून डोंगर चढत गेले की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. त्यांची वर्णने सर्वत्र आढळतात, म्हणून येथे एकच गोष्ट सांगावयाची. क्षेत्र महाबळेश्वरच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतील सावित्री पश्चिमेस वळून अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेस वळून सुमारे चौदाशे किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला जाते. खंबाटकीच्या माथ्यावरचे दोन थेंब पुन्हा भेटतात. येथले भेटत नाहीत. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून तीस-बत्तीस किलोमीटरवरील वाईत त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही आणि आणखी पूर्वेस माण-खटावकडे गेले, तर शेतकरी ढगाकडे डोळे लावून बसलेला असतो. एका जिल्ह्यात इतके अंतर!

पावसाचे हे अंतर लक्षात ठेवून लिंब गावची विहीर पाहावी. हमरस्त्याने वाईच्या फाट्यावरून साताऱ्याकडे जाताना थोडे आत वळले की हे गाव लागते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधविली. तिला 'बारा मोटेची विहीर' म्हणतात. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. ती दोराने विहिरीत सोडावयाची आणि बैलांनी उतारावरून दोर ओढला की भरून वर यावयाची. वर आली की पाणी आपोआप थारोळ्यात पडे आणि पाटाने शेतात जाई. पहाटेच्या वेळी मोट हाकणाऱ्याचे गाणे आणि चाकांची कुरकुर ऐकत खेडी जागी होत. विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या. सामान्य विहिरीवर एक मोट असे, मोठीवर दोन. येथे बारा मोटा एकाच वेळी चालतील अशी सोय आहे. विहीर अष्टकोनी असून तिला जोडून दुसरी लहान विहीर आहे. वरून पाहिले असता दोन्ही मिळून शिवलिंगाचा आकार दिसतो. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट आहे. दोन विहिरींच्या मध्ये, जमिनीच्या पातळीखाली, चक्क एक लहानसा महाल बांधलेला आहे. बाहेर उन्हाने अंग भाजत असावे आणि त्या दगडी महालात पाय टाकताच पाण्याचा गारवा जाणवावा, असा त्याचा थाट आहे. राजघराण्यातील स्त्रीने आपल्या नावाने मंदिर किंवा महाल न बांधता शेतीच्या आणि आमराईच्या पाण्यासाठी इतके देखणे काम करवावे, ही गोष्ट ताजमहालाइतकी प्रसिद्ध झाली नाही. ती व्हावयास हवी होती.

साताऱ्यास पोहोचल्यावर अजिंक्यताऱ्याचा डोंगर दिसतो. औरंगजेबाने स्वतः येऊन १६९९ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि कित्येक महिन्यांनी, १७०० मध्ये, तो त्याच्या हाती लागला. १७०८ मध्ये येथेच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा मराठ्यांची राजधानी झाली. शहराच्या पूर्वेस माहुली येथे कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. रामशास्त्री प्रभुणे हे या माहुलीचे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा खुद्द त्यांच्या चुलत्याला, सत्ताधारी राघोबादादांना, दोषी ठरविण्यास हा न्यायाधीश कचरला नाही. संगमावर जुनी देवळे आहेत, सावली आहे. महाबळेश्वरी एकत्र उगम पावलेल्या दोन नद्या वेगवेगळ्या खोऱ्यांतून येऊन येथे भेटतात.

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. जांभ्या दगडावर वीतभरही नसेल असा मातीचा पातळ थर, त्यात मोठे झाड तग धरीत नाही. परंतु पावसाळ्याच्या शेवटी हेच पठार लाखो इवल्या फुलांनी रंगून जाते. मातीत अन्न कमी, म्हणून येथील काही वनस्पती चक्क कीटक पकडून खातात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ज्या भागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. कीर्ती पसरली आणि माणसांची रीघ लागली. फुलांवर बसून छायाचित्रे काढणारे आले, फुले खुडणारे आले. पाहावयास न आल्याने सुभानमंगळ नाहीसा झाला आणि पाहावयास आलेल्यांच्या पायांखाली फुले चिरडू लागली, असा हा पेच आहे. म्हणून आता फुलांच्या हंगामात रोज किती माणसांनी आत जावे, यावर तेथे मर्यादा घातली आहे. काही जणांना परत फिरावे लागते आणि ते कुरकुरतात. पण ज्याला पाऊलवाटेवरून चालणे आणि गुडघे टेकून दवबिंदूएवढे फूल न्याहाळणे जमते, त्याला पठार सारे काही दाखविते.

कृष्णा माहुलीवरून पुढे जाते. कऱ्हाडास कोयना तिच्या समोरून येऊन भिडते. लोक त्याला प्रीतिसंगम म्हणतात. तेथून ती सांगली जिल्ह्यात शिरते. हाही पूर्वी सातारा जिल्ह्याचाच भाग होता. १९४९ मध्ये तो वेगळा होऊन 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला येऊन मिळते. जवळच्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडविणारे कारागीर आहेत. त्यांच्या भोपळ्यांची आणि लाकडाची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यासाठी निराळा प्रवास करावा लागेल.

खंबाटकीच्या डोंगराखालून आता बोगदाही गेला आहे. त्यातून गाडी जाऊ लागली की काही क्षण अंधार, दिव्यांची रांग आणि चाकांचा घुमणारा आवाज. याच डोंगराच्या माथ्यावर पावसाचे थेंब इकडे आणि तिकडे वाटले जातात. अंधार संपतो, पुढे खंडाळ्याची घरे दिसतात, शेतांत जनावरे परतत असतात आणि त्यांच्यापलीकडे नीरेच्या खोऱ्यावर संध्याकाळ उतरलेली असते. शिरवळच्या स्थानकावर नायगावकडे जाणारी गाडी उभी असते. दप्तरे घेतलेल्या चार-सहा मुली खिडकीपाशी जागा धरून बसलेल्या असतात.